वस्तादाचे हात आणि विकासपुरीची पदवी

पश्चिम दिल्लीतल्या विकासपुरीत दिल्ली विद्यापीठाचं एक महाविद्यालय आहे. इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल एज्युकेशन अँड स्पोर्ट्स सायन्सेस हे त्याचं नाव, स्थापना १९८७ ची. बारावी झालेली, खेळात मुरलेली मुलं-मुली इथे बी.एस्सी.ला येतात. सकाळी मैदान, मग वर्ग. शरीररचना, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचं शास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, क्रीडावैद्यक, योग, पंचगिरी, अध्यापनाचे पाठ असे विषय असतात. वेळापत्रकाचा हा कागद नीट वाचला तर त्यातला एकही विषय मूळचा दिल्लीचा नाही असं लक्षात येतं. योग तिथे पोचला तो लोणावळ्याच्या वाटेने. सामुदायिक कवायतीचा एक धागा बडोद्याला जातो, दुसरा मद्रासच्या वायएमसीएला. पदवीचा साचा ग्वाल्हेरचा. आणि दुखापतीचा उपचार हा विषय मुंबईच्या परळच्या रुग्णालयातून निघून भलत्याच रस्त्याने राजधानीत आला. तो अजून या बाकीच्या विषयांना पुरता भेटलेला नाही.

या न झालेल्या भेटीपायीच मी हा मागोवा घ्यायला बसलो. धावपटू घडवणं आणि धावपटूचा दुखावलेला घोटा बरा करणं ही दोन्ही कामं आपल्याकडे शेकडो वर्षं एकाच माणसाकडे होती. त्या माणसाला आपण वस्ताद म्हणतो. विद्यापीठाने त्याचं काम वाटून दोन इमारतींत ठेवलं. हे कसं झालं, ते पाहू.

सुरुवात बाराव्या शतकापासून करतो. आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्या या राजाने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ रचला. मराठी वाचक तो ओळखतात ते त्यातल्या जुन्या मराठी अंशांमुळे. पण त्यात मल्लविनोद नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं आहे. मल्लांचे वय आणि ताकदीनुसार ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल असे वर्ग पाडले आहेत. त्यांच्या आहाराचा विचार आहे. सरावाचे प्रकार नावानिशी दिले आहेत: वजन घेऊन करायचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, बाहूंसाठी बाहुपेल्लणक आणि खांबावरचा स्तंभश्रम. आज विकासपुरीत ज्याला क्रॉस ट्रेनिंग म्हणून शिकवतात त्याची ही मांडणी आहे. ताकद, दम, पाण्यातला व्यायाम, हातांचं स्वतंत्र काम, हे सगळं वेगवेगळं ओळखून आखलेलं. स्तंभश्रमात पुढच्या मल्लखांबाचं बीज अभ्यासकांनी पाहिलं आहे.

या ज्ञानाला लेखी परंपरा फारशी लाभली नाही. ते माणसांत राहिलं. ज्येष्ठी मल्लांची घराणी गुजरातेत आणि म्हैसूर दरबारात होती. कुस्तीइतकीच त्यांची ख्याती सरकलेली हाडं बसवण्यात होती. आपल्याकडच्या तालमींतही तेच. पोरगा कुठे कमी पडतो ते वस्तादाला हौदात दिसतं आणि तो कुठे दुखावलाय ते मालिश करताना बोटांना कळतं. खांदा निखळला, बोट उतरलं, कंबर धरली तर पोरगा आधी वस्तादाकडे जातो. तेल, हळद, शेक, पट्टी, चार दिवसांची रजा, मग हलके जोर, मग पुन्हा लाल माती. आज ज्याला पुनर्वसन म्हणतात त्याची पायरी-पायरीची आखणी तालमीत रोज होत होती. मला या परंपरेचा अभिमान आहे. तरी तिची उणीवही तेवढीच ठळक आहे. क्ष-किरण नसताना मोडलेलं हाड ओढून बसवण्यात अनेकांचे हात-पाय कायमचे अधू झाले असतील. हे ज्ञान गुरूच्या मर्जीवर मिळायचं, आणि बायकांना तर तालमीचा उंबराही बंद होता.

या परंपरेतला एक माणूस आधुनिक काळाच्या दारात उभा राहिला. बडोद्याचे राजरत्न माणिकराव. जुम्मादादांचे ते शिष्य, जुम्मादादा व्यायाममंदिराचे चालक. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. शेकडो मुलांना एका वेळी व्यायाम देता यावा म्हणून सांघिक कवायत बसवली आणि तिच्या आज्ञा इंग्रजी न ठेवता देशी भाषेत केल्या. आणि व्यायाममंदिरात येणाऱ्या दुखावलेल्यांची हाडं-सांधे ते स्वतः पाहत, अस्थिचिकित्सक म्हणून त्यांचं नाव होतं. शिकवणारा आणि बरा करणारा असा तो एकच माणूस. याच बडोद्यातून पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. तालमीतलं तोंडी ज्ञान कागदावर आणण्याचा मराठीत तेवढा मोठा प्रयत्न पुन्हा झालेला नाही.

माणिकरावांकडे १९०७ पासून तीनेक वर्षं जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. डभईत जन्मलेला, संस्कृतात हुशार, पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयात काम केलेला. नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराजांकडे तो योग शिकला आणि त्याला एक प्रश्न पडला. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नक्की काय होतं? १९२० च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्याने योगक्रिया करणाऱ्यांना क्ष-किरणांपुढे उभं केलं, शरीरातला दाब मोजला. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. त्यात मोजमापं छापली जात.

माझ्या मते भारतातल्या क्रीडाविज्ञानाचा खरा आरंभ इथे आहे. तालमीत जे बोटांना कळत होतं ते मोजून दुसऱ्याला दाखवता येतं, हे आपल्याकडे कुवलयानंदांनी करून दाखवलं. विकासपुरीच्या वेळापत्रकात योग आहे तो या मोजणाऱ्या माणसामुळे. मात्र त्यांनी मोजमापासाठी योग निवडला, गुरूच्या दुसऱ्या विद्येला, हाडं-सांधे पाहणाऱ्या हातांना, क्ष-किरणांपुढे नेलं नाही. तेव्हा ते झालं असतं तर पुढची शंभर वर्षं निराळी गेली असती असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात महाराष्ट्रभर संस्था उभ्या राहत होत्या. अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ मध्ये मंडळाचं पथक मल्लखांब, कबड्डी घेऊन बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी गेलं आणि १९४९ च्या लिंगियाड या व्यायाम-महोत्सवाला स्वीडनला. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. पुढे दोन्ही संस्थांनी शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं काढली. अमरावतीचं पदवी महाविद्यालय १९६७ चं आहे.

खेळाडूंची परिस्थिती मात्र वेगळी होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या शर्यतींत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहिले. या पोरांना कोणतंही शिक्षण नाही आणि तरी त्यांचे वेळ युरोपातल्या धावपटूंशी ताडून पाहण्यासारखे आहेत, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकच्या चमूत त्यांतलेच काही होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पहिलवान रणधीर शिंदे पदकाच्या उंबरठ्यावर, चौथ्या क्रमांकावर थांबले. या माणसांना शास्त्रशुद्ध शिकवणारं देशात कोणी नव्हतं.

ती जागा भरायला अमेरिकेहून एक मिशनरी वृत्तीचा शिक्षक आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. शारीरिक शिक्षण देणाऱ्यालाही शिक्षण लागतं, ही कल्पना भारतात संस्थेच्या रूपाने पहिल्यांदा तिथे उभी राहिली. बकनी मोठं काम केलं यात शंका नाही. १९२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय ऑलिम्पिक क्रीडास्पर्धा भरल्या, त्यातून आठ जण पॅरिस ऑलिम्पिकसाठी निवडले गेले आणि त्यांचे व्यवस्थापक बकच होते. राजधानीचा या कथेतला पहिला प्रवेश हा असा, निवडीचं मैदान म्हणून. पण बकनी जो विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवला तो शाळेतला मास्तर होता. शिट्टी, रांगा, खेळांचे नियम, आरोग्याचे धडे ही त्याची कामं. हात लावून बरं करणं त्याच्या कामात धरलेलं नव्हतं. इथून पुढे भारतात खेळाचं शिक्षण म्हणजे मास्तर घडवणं, असं समीकरण बसलं.

पुढचा टप्पा मराठी वाचकाला जवळचा आहे. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली. पी. एम. जोसेफ तिचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या शाळांना कवायतीचे मास्तर तिथूनच मिळत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत खाकी हाफपँट घालून, खिशात शिट्टी ठेवून ज्यांनी लेझीम, दंड-बैठका आणि हुतूतू एका तासात बसवलं, त्यांतले कितीतरी कांदिवलीचे. माणिकरावांची कवायत आणि बकची शिस्त त्या मैदानावर एकत्र आली.

कांदिवलीचे हेच जोसेफ पुढे ग्वाल्हेरला गेले. १८५७ ला शंभर वर्षं झाली तेव्हा राणी लक्ष्मीबाईच्या स्मरणार्थ, जिथे तिने प्राण ठेवला त्या शहरात, केंद्र सरकारने १७ ऑगस्ट १९५७ रोजी लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. जोसेफ पहिले प्राचार्य. इथे झालेला बदल मूलभूत होता. तोवर शारीरिक शिक्षण म्हणजे आधी दुसरी पदवी घ्यायची आणि वर एक वर्षाचा अभ्यासक्रम जोडायचा. ग्वाल्हेरने शाळेतून बाहेर पडलेल्या मुला-मुलींना थेट तीन वर्षांची पदवी दिली. मुलं आणि मुली एकत्र, वसतिगृहात राहून, शरीररचनेपासून मैदानापर्यंत. विकासपुरीच्या बी.एस्सी.चं थेट पूर्वज असलेलं हे महाविद्यालय. मराठी राणीचं नाव, मुंबईहून आलेला प्राचार्य आणि शिंद्यांचं शहर. त्या पदवीच्या जन्मात महाराष्ट्राचा एवढा वाटा आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण फार थोड्यांना असते.

ग्वाल्हेरच्या आधी पाच वर्षं खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पहिलवान स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता. त्यांची तयारी, वर्गणी गोळा करून झालेला प्रवास, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपये, हे सगळं महाराष्ट्रात सांगितलं जातं. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. खाशाबांचा गुडघा दुखावला आणि १९५६ चं मेलबर्न हुकलं. देशाच्या सर्वोत्तम पहिलवानाचा गुडघा कोणी पाहायचा, किती दिवस विश्रांती, कोणता व्यायाम कधी, मॅटवर परत केव्हा, हे ठरवणारी व्यवस्थाच देशात नव्हती. आज दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारातल्या कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचं नाव आहे. त्या नावाखाली सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा गुडघा ठाऊक असायला हवा.

व्यवस्था नव्हती म्हणताना एक अपवाद केला पाहिजे. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, ती रुजत होती. फक्त खेळाडूंसाठी नव्हे. १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी तिथे व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्येच भारतातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उघडलं. समोर पोलिओने पाय गेलेली मुलं होती. म्हणून भारतीय फिजिओथेरपी जन्मली ती खाटेशेजारी, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या आधाराने. तिला मैदान माहीत नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

दिल्लीत ही शाखा पोचली ती आज पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचं नाव असलेल्या अपंगांच्या राष्ट्रीय संस्थेत. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याला विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव आहे. तिथल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाही पदवी मिळत आली ती दिल्ली विद्यापीठाचीच. म्हणजे एका टोकाला विकासपुरी, दुसऱ्या टोकाला विष्णु दिगंबर मार्ग, विद्यापीठ एक. एकीकडे पायाला पळायला शिकवतात, दुसरीकडे पाय दुखला की पाहतात.

मधल्या काळात दिल्लीने खेळासाठी बांधकाम पुष्कळ केलं. १९५१ च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ नॅशनल स्टेडियमवर झाले. १९५९ मध्ये एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळेंनी दिल्लीतच पहिला हिंद केसरी किताब घेतला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्याच नॅशनल स्टेडियमवर एक जर्मन माणूस मुलांना धावायला शिकवू लागला. ओटो पेल्टझर. १९२६ मध्ये बर्लिनला फिनलंडच्या विख्यात नुर्मीला हरवून विक्रम करणारा धावपटू. समलैंगिक असल्याबद्दल नाझींनी त्याला आधी तुरुंगात आणि मग माउटहाउझेनच्या छळछावणीत टाकलं. युद्धानंतर मायदेशी त्याला मान मिळाला नाही आणि अखेर दिल्लीने त्याला काम दिलं. १९६७ पर्यंत तो इथे राहिला. त्याच्या नावाचा अ‍ॅथलेटिक क्लब दिल्लीत त्याच्या शिष्यांनी काढला. शास्त्रशुद्ध धावण्याचं शिक्षण दिल्लीत एका निर्वासितासारख्या माणसाच्या हातून मुलांपर्यंत गेलं, याचा उल्लेख या पदवीच्या पहिल्या तासाला व्हावा असं मला वाटतं.

१९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि प्रशिक्षक घडवण्याचं काम तिकडे गेलं. तिसरी वाटणी झाली: शाळेचा मास्तर ग्वाल्हेरचा, प्रशिक्षक पतियाळाचा, फिजिओ रुग्णालयाचा. १९८२ च्या आशियाई खेळांनी दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियम, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, तालकटोऱ्याचा जलतरण तलाव दिला. एवढी मैदानं सांभाळायला १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झालं.

मग १९८७. या वर्षाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्या वर्षी ग्वाल्हेर आणि पतियाळा चालवणारी संस्था क्रीडा प्राधिकरणात विलीन झाली. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने हे महाविद्यालय काढलं. त्याच वर्षी अली इराणी भारतीय क्रिकेट संघाचे फिजिओ झाले आणि पुढची दहा वर्षं राहिले. खेळाडू पडला की पिशवी घेऊन मैदानात धावणारा माणूस आपण सर्वांनी दूरदर्शनवर पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या रूपाने. आणि त्याच वर्षी बिर्ला मिलजवळच्या आखाड्याचे गुरु हनुमान यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सतपाल त्यांचेच शिष्य, ज्यांच्या हरिश्चंद्र बिराजदारांशी झालेल्या कुस्तीची आठवण महाराष्ट्रात अजून निघते. एका वर्षात, जवळजवळ एका शहरात, वस्ताद, मास्तर, प्रशिक्षक आणि फिजिओ हे चौघे हजर होते. चौघांना एका अभ्यासक्रमात बसवण्याची एवढी चांगली वेळ पुन्हा आली नाही. महाविद्यालय निघालं ते ग्वाल्हेरच्या साच्यात, मास्तर घडवणारं. क्रीडावैद्यक हा त्यात एक विषय झाला, तो व्यवसाय व्हायचा राहिला.

अमेरिकेत हाच रस्ता वेगळा वळला होता. तिथे महाविद्यालयाच्या संघाबरोबर अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो. तो सरावाला हजर असतो, खेळाडूचं घोट्यापासून मनापर्यंत सगळं त्याला माहीत असतं. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटीला स्थापन झाली, पदवीचा अभ्यासक्रम १९५९ मध्ये आखला गेला आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांना आरोग्यव्यावसायिक म्हणून मान्यता दिली. वर्णन वाचताना हा आपला वस्ताद वाटतो, फरक एवढाच की याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. २०१५ मध्ये त्यांनी ठरवलं की या कामाला पदवी पुरत नाही, पदव्युत्तर शिक्षण हवं, आणि २०२२ नंतर पदवी पातळीवरचे नवे प्रवेश बंद झाले. म्हणजे ज्या पदवीचं स्वप्न आपण नीट पाहिलंही नव्हतं ती तिथे इतिहासजमा झाली.

दिल्ली परिसरात गेल्या पंधरा वर्षांत हालचाल बरीच आहे. राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर २०१० मध्ये सफदरजंग रुग्णालयात क्रीडा-दुखापत केंद्र उघडलं. जामिया मिलियात क्रीडा फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी मिळते. दिल्ली सरकारने २०१९ च्या कायद्याने क्रीडा विद्यापीठ काढलं, कर्णम मल्लेश्वरी तिथल्या पहिल्या कुलगुरू. सोनिपतजवळ राईला हरियाणाचं क्रीडा विद्यापीठ आहे. दारं वाढली. पण बारावीनंतर आत येणाऱ्या मुलीला निवड तीच करावी लागते. एक तर मैदान शिकायचं, मग दुखावलेल्या खेळाडूला हात लावायचा हक्क नाही. नाहीतर वर्षानुवर्षे साडेचार वर्षांचा असलेला फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम घ्यायचा, त्यात लकव्यापासून छातीच्या आजारांपर्यंत सगळं येतं आणि मैदान येतं थोडंसं, शेवटी.

याची किंमत मोठ्या खेळाडूंना फारशी द्यावी लागत नाही. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षांनी तो टोकियोचं सुवर्ण घेऊन आला. त्याच्याबरोबर फिजिओ असतो. किंमत देतात ती आंतरशालेय स्पर्धेत धावणारी मुलं. दिल्लीच्या मे महिन्यात पाच हजार मीटर धावून कोसळलेल्या मुलाला उष्माघात झाला असेल तर पहिली गोष्ट करायची ती त्याला तिथल्या तिथे थंड पाण्यात घालून ताप उतरवण्याची, रुग्णवाहिकेची वाट न पाहता. पहिली काही मिनिटं जीव ठरवतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हे म्हणणारं कोणीतरी सीमारेषेवर हवं. नोव्हेंबरात हवा विषारी झाली की सराव कोणाचा थांबवायचा, दम्याच्या मुलाला काय द्यायचं, हे त्या दिवशी ठरवावं लागतं. हे सगळं मैदानावर उभं राहून करायचं काम आहे. रुग्णालयातला फिजिओ तिथे नसतो. मैदानावर असतो तो खेळाचा शिक्षक, आणि त्याला आपण एवढंच शिकवलेलं असतं की दुखापत झाली तर डॉक्टरकडे पाठवा.

दुसरी बाजूही मांडायला हवी. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, त्यात फिजिओथेरपिस्टला स्वतंत्र स्थान मिळालं. अर्धवट शिकलेल्यांनी रुग्णाला हात लावू नये ही त्यामागची काळजी योग्यच आहे. जिमपासून गल्लीपर्यंत स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारे कमी नाहीत. म्हणून विकासपुरीच्या पदवीधराला उपचाराचा हक्क द्या अशी मागणी मी करणार नाही. प्रथमोपचार, उष्माघात, मेंदूचा मार, छातीदाब, पट्ट्या बांधणं, सरावाचा भार मोजणं आणि परतीच्या पायऱ्या ठरवताना फिजिओशी एकाच भाषेत बोलणं, एवढं मात्र त्याच्या हाताखालून कित्येकदा गेलेलं असलं पाहिजे. नुसत्या लेखी परीक्षेत नाही.

दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून पदवी चार वर्षांची केली आहे. त्या चौथ्या वर्षात प्रबंध किंवा प्रकल्प करता येतो. विकासपुरीचे आणि विष्णु दिगंबर मार्गाचे विद्यार्थी त्या वर्षी एकत्र बसवता येतील, आणि पहिला विषयही मी सुचवतो. दिल्लीत अजून आखाडे आहेत, गुरु हनुमानांचा आहे, यमुनेकाठचा चंदगीरामांचा आहे. तिथे हाडं-सांधे पाहणारे म्हातारे उस्ताद आहेत. ते निखळलेला खांदा कसा पाहतात, कोणत्या दुखण्याला हात लावतात आणि कोणत्या पोराला सरळ दवाखान्यात पाठवतात, मालिशेनंतर सांधा किती अंश जास्त वळतो, पोरगा किती दिवसांनी मातीत परततो, याच्या नोंदी ठेवायच्या. कोन मोजायला गोनिओमीटर लागतो, पकडीचा जोर मोजायला डायनामोमीटर, आणि दोन्ही यंत्रं अशा विभागांच्या कपाटात असतात. जिथे उस्तादाचा हात चुकतो तेही त्याच नोंदवहीत लिहायचं.